टर्बोच्या आधी सुपरचार्जर

नमस्कार मंडळी, रामराम.

आजचा विषय गाडीचा आहे, तोही स्पोर्ट्स कारचा. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात स्पोर्ट्स कार कुठून येणार? आली होती. ते सांगायचंच आहे, पण आधी दोन गोष्टी समजून घेऊ.

टर्बो तुम्हाला नवा नाही. बोअरवेलच्या गाडीला असतो, ट्रकला असतो, आता कित्येक ट्रॅक्टरलाही असतो. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त म्हणून डिझेल-पेट्रोल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. छोट्या कारच्या टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली याचं पेटंट घेतलं. खोट एकच. धुराचा जोर वाढल्याशिवाय चक्र वेग घेत नाही. तुम्ही पाय दाबता, गाडी आधी विचार करते, मग पळते.

सुपरचार्जरचं काम तेच, हवा कोंबायचं. पण तो धुरावर नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन फिरलं की तो फिरला, वाट पाहणं नाही. मात्र फिरायची ताकद इंजिनाकडूनच घेतो. लक्षात ठेवा, टर्बो धुरावर, सुपरचार्जर पट्ट्यावर. टर्बो वरच्या वेगात कामाचा, सुपरचार्जर खालच्या वेगात.

मग दोन्ही बसवले तर? बसवले आहेत. इटलीच्या लान्सिया कंपनीने 1985 साली डेल्टा एस-फोर नावाची रॅलीची गाडी काढली. इंजिन 1,759 सीसीचं आणि ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर. जागतिक स्पर्धेतल्या पहिल्याच शर्यतीत, ब्रिटनच्या आरएसी रॅलीत, ती पहिली आली. पुढच्याच वर्षी कॉर्सिका बेटावर त्याच गाडीच्या अपघातात चालक हेन्री तोइवोनेन आणि त्याचा साथीदार दोघेही गेले आणि अशा गाड्यांचा अख्खा 'ग्रुप बी' वर्गच शर्यतीतून बंद झाला. साध्या रस्त्यासाठी फोक्सवागनने 2005 मध्ये चौदाशे सीसीच्या इंजिनावर दोन्ही बसवून 170 अश्वशक्ती काढली. त्यात सुपरचार्जर इंजिनाच्या मिनिटाला 2,400 फेऱ्यांपर्यंत कायम चालू, 3,500 पर्यंत गरजेपुरता, त्याच्या वर क्लच सुटून बंद. हा क्लच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमची गोष्ट. वरुडकडच्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. मिस्त्री साठीचे, ट्रॅक्टरवर हात बसलेला. मे महिना, ऊन पंचेचाळीसच्या घरात. पुण्याला नोकरी करणारा एक पोरगा बहिणीच्या लग्नाला जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार घेऊन आला. दोन दारांची, टर्बोवाली, आणि इतकी बुटकी की गावच्या गतिरोधकावर सगळ्यांना खाली उतरावं लागलं. या गतिरोधकांबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. ज्याच्या घरासमोर जागा, त्यानं मुरुम टाकून डोंगर उभा करायचा, ना पांढरा पट्टा ना पाटी. रात्री दुचाकीवर डबलसीट येणाऱ्याची कंबर मोडते ती वेगळीच. असो.

पोरानं डिकीतून एक खोका काढला. ऑनलाइन मागवलेला 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर'. म्हणाला, "काका, टर्बो आहेच, पण खालून ओढत नाही. हवेच्या पाइपात एवढं बसवून द्या."

मिस्त्रीनं तो हातात फिरवून पाहिला. प्लास्टिकची पाती, दोन वायरी. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी ओढली, मध्ये ॲम्पिअरचं मीटर लावलं आणि वायरी जोडल्या. घुर्र आवाज झाला, काटा चारवर थांबला.

"बाराले चारनं गुण बरं."

"अठ्ठेचाळीस."

"वॅट ना? अन् घरच्या पंख्याले किती लागते?"

"सत्तर-पंच्याहत्तर."

"म्हंजे तुहा सुपरचार्जर घरच्या पंख्यापरीस गरीब हाये! अबे, खरा सुपरचार्जर दहा-पंधरा हॉर्सपॉवर खाते. पाचच्या तीन मोटारी लाव, तवा कुठं तो फिरन."

पोरगं हिरमुसलं, पण हटलं नाही. "थोडी तरी मदत होईल ना काका?"

मिस्त्री काही बोलले नाहीत, उठून मागच्या संत्र्याच्या बागेत निघाले. आम्ही दोघं मागे. त्या आठवड्यात शेतीची लाइन दिवसा होती म्हणून जमलं. रात्रीच्या लाइनीवर पाणी द्यायला लावणाऱ्यांना एकदा अंधारात, साप-विंचवाच्या बांधावरून चालवत न्यायला पाहिजे, हे मी या माइकवर आधीही बोललोय आणि पुन्हा बोलतो.

तर तिथं नाल्याकाठी विहिरीवर छोटी मोटार, आणि तिच्याच पाइपावर पुढे मोठी साडेसातची. छोटीतून मोठीत, मोठीतून वरच्या बागेत. छोटीला वळसा घालून एक बायपासचा पाइप, त्यावर व्हॉल्व्ह. मोठी चालू होती, छोटी बंद, व्हॉल्व्ह उघडा. मिस्त्रीनं पोराला वर पाठवलं, म्हणाले पाइपाच्या तोंडाशी हात धर. आणि खाली व्हॉल्व्ह बंद केला.

धार तिथल्या तिथं मनगटाएवढी बारीक झाली. मोठ्या मोटारीचा आवाज बदलला, पंपात गोटे घातल्यासारखी कडकड सुरू झाली. सगळं पाणी त्या बंद पडलेल्या छोट्या पंपातून घुसून येत होतं ना! मिस्त्रीनं व्हॉल्व्ह उघडला, की परत भरभरून धार. वरून पोरगं ओरडलं, "समजलं काका!"

"काय समजलं?"

"मोठी ओढायला लागली की छोटी वाटेत नको!"

बस. त्याच्या टर्बोला मिनिटाला शेकडो किलो नाही, पण काही किलो हवा लागते, आणि हा अठ्ठेचाळीस वॅटचा पंखा पाइपात आडवा बसणार. वर एखादं पातं तुटून आत गेलं, तर लाख फेऱ्यांवर फिरणाऱ्या चक्राचा चुरा. म्हणून टर्बो-सुपरचार्जर दोन्ही असलेल्या खऱ्या इंजिनात बायपासची झडप असते, आणि म्हणून फोक्सवागनचा तो क्लच. छोटा आधी, मोठा जोरात आला की छोटा बाजूला.

पोराच्या सोबत आम्हीही तासभर बसलो, गूळ-पाणी झालं. लग्नात बुफे होता. हातात ताट घेऊन उभ्यानं वरण-भात खायचा, याला मी जेवण म्हणत नाही, पण तो वेगळा कार्यक्रम होईल.

जाता जाता पोरानं विचारलं, "खराच बसवायचा म्हटला तर?" मिस्त्रीनं बोटं मोजली नाहीत, बॉनेटच उघडलं. जागा कुठं आहे? पट्टा कुठून नेणार? आणि मुख्य म्हणजे गरमी. दोघं एकामागे एक लागले की दाबाचा गुणाकार होतो. एकानं दीडपट केलं, दुसऱ्यानं दुप्पट, तर तिप्पट. आपल्याकडच्या मेमधली पंचेचाळीस अंशाची हवा नुसती दुप्पट दाबली तरी दीडशेच्या आसपास तापते. एवढी गरम हवा आत गेली की पेट्रोल ठिणगीच्या आधीच भडकतं, इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनला भोक पडतं. म्हणजे तापलेली हवा गार करणारा मोठा इंटरकूलर, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग. त्या पैशात दुसरी गाडी येते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही, आणि विम्याचा दावा अडतो तो वेगळा.

तो पंखा पोरानं गॅरेजलाच ठेवला. मिस्त्री आता त्यावर धुतलेले कार्ब्युरेटर वाळवतात.

एक कामाचं सांगून थांबतो, कारण बाजारभावाची वेळ झाली. तुमच्या ट्रॅक्टरला टर्बो असेल आणि नांगरणी करून आला असाल, तर लगेच चावी फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं इंजिन हळू चालू द्या. टर्बो तापलेला असतो, चक्र अजून फिरत असतं, आणि इंजिन बंद केलं की त्याचं ऑइल थांबतं. दोन मिनिटं हळू, मग बंद. नमस्कार.