खाटेला लावलेली बाटली

[अतिदक्षता विभाग. सिस्टरचे हात, जवळून.]

सिस्टरनं पेशंटची कूस बदलली, लघवीची पिशवी रिकामी केली. तेवढ्यात शेजारच्या खाटेचा पंप वाजू लागला, सलाईन संपत आलंय. तिकडे वळण्याआधी हात स्वच्छ व्हायलाच हवेत. नाहीतर या पेशंटच्या अंगावरचे जंतू त्या पेशंटच्या सलाईनच्या नळीपर्यंत पोचतात आणि तिथून थेट रक्तात. बरं व्हायला आलेल्या माणसाला रुग्णालयातच नवं दुखणं जडतं.

हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असतं. मग हात धुवायचे का राहून जातात?

[जिनिव्हा. रुग्णालयाची इमारत.]

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात 1990 च्या दशकात डॉ. दिदिए पिते यांनी हा प्रश्न धसाला लावला. त्यांच्या चमूनं वॉर्डात उभं राहून नोंदी घेतल्या. अतिदक्षता विभागात हात स्वच्छ करायची गरज तासाला वीसहून अधिक वेळा पडते. बेसिनपर्यंत जा, साबण लावा, धुवा, पुसा, परत या. एका खेपेला एक-दीड मिनिट. म्हणजे निम्मा वेळ बेसिनपाशीच जायचा. मग पेशंटकडे बघायचं कोणी? सिस्टरांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणं सोपं असतं, पण तो त्यांच्यावर अन्याय आहे.

[खाटेच्या कडेला अडकवलेली बाटली.]

जिनिव्हात मग अल्कोहोलच्या द्रावणाच्या बाटल्या खाटेपाशी आल्या, छोट्या बाटल्या खिशात आल्या. वॉर्डावॉर्डांत पोस्टर लागली. द्रावण चोळायला वीस-तीस सेकंद पुरतात. मात्र अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहून जातात, आणि पेशंटला सगळ्यात आधी लागतात ती बोटांची टोकंच.

1994 मध्ये गरजेच्या वेळी हात स्वच्छ केले जाण्याचं प्रमाण 48 टक्के होतं. 1997 मध्ये ते 66 टक्क्यांवर गेलं. रुग्णालयात जडणारे संसर्ग 16.9 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर उतरले. हा बदल घडवला तो मुख्यतः सिस्टर आणि त्यांच्या मदतनिसांनी. डॉक्टरांचं प्रमाण कमीच राहिलं. राउंडला पुढे असणाऱ्यांनी यात मागे राहावं, हे खटकतं.

[रुग्णालयातला औषध विभाग. द्रावण मोजून ओतलं जातंय.]

द्रावणाची कृती जागतिक आरोग्य संघटनेनं सर्वांसाठी खुली केली आहे. 80 टक्के इथेनॉल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कातडी फुटू नये म्हणून जरासं ग्लिसरीन. 2020 मध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनीही आपल्या डिस्टिलरीत सॅनिटायझर बनवलं होतं.

हात रक्तानं किंवा घाणीनं माखले असतील, तर मात्र साबण-पाणीच हवं. काही जुलाबांच्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, तिथेही तेच. हातमोजे घातले तरी सुटका नाही. ते काढल्यावर हात पुन्हा स्वच्छ करायचेच.

[रिकामी बाटली. पंप दाबला जातो, काही येत नाही.]

आणि ही बाटली रोज भरून ठेवायची जबाबदारी कोणाची, हे ड्यूटीच्या तक्त्यावर लिहिलेलं असायला हवं.