पाणी कुठवर येईन?

नमस्कार मंडळी. आज दोन रात्रींबद्दल बोलायचंय, एक आपल्या अंबाझरीची आणि दुसरी अमेरिकेत फ्लोरिडाची, आणि दोन्ही वेळी माझं माणूस तिकडे होतं आणि मी इकडे.

ऑक्टोबर २०२४. मी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आली होती, नवरा फ्लोरिडात टॅम्पाला एकटा. ७ तारखेला त्याचा फोन आला, मिल्टन नावाचं चक्रीवादळ येऊन राहिलं, तिकडे हरिकेन म्हणतात त्याला, आणि मेक्सिकोच्या आखातात ते एका दिवसात इतकं फुगलं की वारा ताशी २८५ किलोमीटर, कॅटेगरी फाईव्ह, म्हणजे त्याच्या वर कॅटेगरीच नाही. माझे हातपायच गळाले. आई बाजूला काळा चष्मा लावून बसली होती, ती म्हणाली, "वाऱ्याचं राहू दे माय, पाणी कुठवर येईन ते विचार जावयाले."

आईनं हे का विचारलं ते नागपूरकरांना सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये झोपेतच पाणी शिरलं. आमचं घर अंबाझरी लेआऊटमध्ये, आई एकटी, उठून पाय खाली ठेवला तर पाणी घोट्याच्या वर, थोड्या वेळात फ्रिज आडवा होऊन तरंगायला लागला. मी तेव्हा टॅम्पात, तिथे संध्याकाळ होती, आणि मी फोन लावतेय लावतेय, स्विच ऑफ, स्विच ऑफ. पूर्ण रात्र मी काय काय विचार केले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होती, फक्त फोन खाली किचनमध्ये बुडाला होता.

तर आईचा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. फ्लोरिडात झोन ए, बी, सी अशी अक्षरं असतात, आणि ती वाऱ्यासाठी नसतातच, समुद्राचं पाणी किती आत घुसू शकतं त्यावरून ठरतात. आमचा फ्लॅट झोन बी, खाली करायचे आदेश आलेले, पण हा म्हणे पेट्रोल पंप कोरडे पडलेत, हायवे जाम आहे, आपण तर तिसऱ्या मजल्यावर आहोत. मग आईनंच फोन घेतला आणि त्याला फ्रिजची गोष्ट सांगितली. बस. त्याच रात्री तो ब्रँडनला मित्राकडे गेला, ते गाव समुद्रापासून आत आहे. जायच्या आधी फ्रीझरमध्ये एक कप पाण्याचा बर्फ केला आणि त्यावर नाणं ठेवलं, तिथले लोक हे करतात, परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर समजायचं लाईट खूप वेळ गेली होती, आतलं काही खायचं नाही.

आणि आम्ही ठरवलं, मी फोन करणार नाही, बॅटरी जाते. तो नागपूरच्या सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला एक मेसेज टाकणार.

१० तारखेला आपल्याकडे सकाळचे सहा वाजले तेव्हा मिल्टन 'सिएस्टा की' नावाच्या बेटावर जमिनीला धडकलं, टॅम्पाच्या दक्षिणेला, तोवर कॅटेगरी थ्री. मी तेव्हा आईच्या डोळ्यात ड्रॉप टाकत होती, सहाचा अलार्म होता ना. रात्रीच रतन टाटा गेले होते, सगळ्या चॅनलवर तीच बातमी, फ्लोरिडाचं कोणी काही दाखवेना. सात वाजले. मेसेज नाही. आठ, नऊ. दीक्षाभूमीकडे लोक यायला लागले होते, रस्त्यावर गर्दी, आणि मी दारात फोन धरून उभी. आई म्हणाली, "मोबाईल बंद पडला म्हणजे माणूस बंद पडलं काय? माह्या वेळी नाही का झालं होतं." त्या दिवशी मला उभं ठेवलं ते ह्या वाक्यानं.

दुपारी साडेतीनला मेसेज आला. "ठीक आहे. लाईट नाही. पाणी आलं नाही."

नंतर समजलं, तिथे तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. आणि टॅम्पाच्या खाडीतलं पाणी चढायच्या ऐवजी उलटं मागे गेलं होतं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं, वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला भाग, टॅम्पाच्या दक्षिणेकडून गेला म्हणून टॅम्पात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि पाणी बाहेर ढकललं गेलं. डोळा थोडा उत्तरेकडून गेला असता तर तेच पाणी आत आलं असतं. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर आलंच. आणि टॅम्पाच्या शेजारच्या सेंट पीटर्सबर्गला पावसाचंच १८ इंचांहून जास्त पाणी पडलं.

दसऱ्याला त्यानं घरी जाऊन व्हिडिओ कॉल केला, फ्रीझर उघडून दाखवला. नाणं तळाशी. मी करून ठेवलेल्या पुरणाच्या पोळ्या सगळ्या फेकाव्या लागल्या. आईनं फोन डोळ्याजवळ नेला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "फ्रिज उभा हाये नं? मंग झालं."