कारवीची न फुलणारी वर्षं

(धुकं. सह्याद्रीचा उभा उतार. चिखलाने भरलेले बूट.)

घसाऱ्यावर पाय सटकला की हात आपोआप जातो तो कारवीकडे. बोटभर जाडीची, माणसाहून उंच वाढणारी ही काडी, हिरवी असली तर सहसा दगा देत नाही. तिची जी मुळं आपला तोल सावरतात, तीच धो धो पावसात डोंगराची माती धरून बसतात.

(निळाजांभळा उतार. माश्यांची गुणगुण.)

कारवी फुलते आठव्या वर्षी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. शेजारच्या डोंगराचं वर्ष वेगळंही असू शकतं. फुलोरा आला की आपण कॅमेरे घेऊन धावतो. आग्या आणि सातेरी माश्या आपल्याआधी पोचलेल्या असतात. चारा म्हणाल तर हा त्यांचा. कारवीचा मध गडद, दाट. जांभळाचा मध दरवर्षी मिळेल. एका डोंगरावरच्या कारवीच्या मधासाठी मात्र थांबावं लागतं.

(उन्हाळा. करड्या काटक्या.)

मधली सात वर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. पावसात हिरवीगार, उन्हाळ्यात मेल्यासारखी. पण खरं काम याच वर्षांत चालतं. पावसाळ्यात या दाटीत शिरून बघा: सावली, ओल, कुजणारा पाला. बेडूक, सरडे, पाचोळा उकरणारे पक्षी, सगळ्यांना आडोसा.

फुलून गेली की कारवी मरते. बोंडं काडीवरच वाळतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटून बी उडवतात. वाळक्या काड्यांचा कूड करून शेणमातीने लिंपायचा, ही घरं बांधायची जुनी रीत. वारली चित्रं अशाच भिंतींवर उमटली. मात्र बी पडायच्या आत काड्या तोडल्या, तर त्या उतारावरची पुढची पिढीच गेली.

उघड्या पडलेल्या डोंगरावर खड्डे खणून झाडं लावतात, वर्षाच्या आत जगली किती ते मोजतात. त्या हिशेबात कारवी बसत नाही. बी टाका, गुरं आणि वणवा दूर ठेवा, आणि वाट बघा. एवढं सोपं काम कुणालाच नको असतं, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काहीच नसतं.

(ओल्या मातीत इवलं रोप.)

राष्ट्रीय उद्यानात २०२४ च्या बियांतून रुजलेली रोपं आता वाढताहेत. ती फुलायची २०३२ साली.