पावभाजीचा पासंग

(वाचनालयाच्या मासिक कार्यक्रमातलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी. बाहेर बोर्डवर विषय लिहिलाय ‘डाएट आणि वजनकाटा : शास्त्रीय दृष्टी’. तो सेक्रेटरीबाईंनी लिहिलाय. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं की मला रात्री बारा वाजता खाल्लेल्या पावभाजीबद्दल बोलायचंय, तर त्या म्हणाल्या, असं बोर्डवर नाही लिहिता येत. (हशा)

आधी मी कोण ते सांगतो. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, त्यामुळे दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं हे मला विचारू नका, त्या वादात आमच्या बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप एकदा फुटलाय. मी ३१ वर्षं वैधमापन शास्त्र खात्यात होतो. वजनमापं. दुकानदाराचा काटा बरोबर आहे का, दांडी मारतो का, वजनांवर छाप आहे का, हे बघणारा माणूस. इंग्रजीत लीगल मेट्रॉलॉजी, आणि लग्नाकार्यात कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, यंदा पाऊस कसा आहे. (हशा) हसताय, पण माझ्या सख्ख्या व्याह्यांनी विचारलाय.

तर रिटायर झाल्यावर वजन गेलं ८६ वर. डॉक्टरांनी डोळे वटारले, मुलीने ऑनलाइन डिजिटल काटा मागवला, आणि मी डाएट सुरू केलं. संध्याकाळी साडेसातला जेवण, नंतर तोंड बंद. पहिल्याच आठवड्यात २ किलो ४०० ग्रॅम गेले. पेढे वाटायचेच बाकी होते, पण ते चालत नव्हते. हा २ किलो ४०० चा आकडा लक्षात ठेवा, त्याच्यावर परत यायचंय, वेळ उरला तर.

पाच आठवड्यांनी मी ८२.३ वर आलो. त्या दिवशी नातीचा वाढदिवस. सगळ्यांनी पावभाजी खाल्ली, मी भाकरी आणि दुधीची भाजी खाऊन संतासारखा बसून राहिलो. रात्री पावणेबाराला पाणी प्यायला उठलो. आता बघा, फ्रिजचा दरवाजा उघडल्यावर जो उजेड पडतो ना, त्यात माणसाचं खरं रूप दिसतं. थंड भाजी होती, वर गोठलेलं बटर. गरमसुद्धा केली नाही, मायक्रोवेव्ह टूंऽ करतो, ही जागी झाली असती. ओट्यापाशी उभं राहून तीन पाव, अंधारात, चोरासारखे. वर ताक.

सकाळी काट्यावर उभा राहिलो. ८३.७. म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम जास्त, एका रात्रीत, पाच आठवड्यांच्या दुधीवर पाणी.

आता तुम्ही काय केलं असतं? स्वतःला दोष दिला असता. मी ३१ वर्षं खात्यात काढलीत, मी काट्याला दोष दिला. काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवला, ८३.७. बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर ठेवला, ८२.९, क्षणभर बरं वाटलं, पण मऊ जमिनीवर काटा खोटं बोलतो हे मीच आयुष्यभर लोकांना सांगत आलो, स्वतःला कसं फसवणार. मग म्हटलं प्रमाणित वजन लावून बघू. घरात कुठलं प्रमाणित वजन? गेलो खाली कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. सकाळचे पावणेसात, तो शटर वर करत होता, मला बघून त्याचा चेहरा पांढरा. ‘साहेब, तुम्ही रिटायर झालात ना?’ म्हटलं झालो, तुझी दहा-दहा किलोची लोखंडी वजनं दे जरा. तो म्हणतो, ‘साहेब, छाप आहे, दोन वर्षं व्हायचीत अजून, काट्याचं पण यंदाचं सर्टिफिकेट आहे, दाखवू का?’ अरे बाबा, मला नाही तपासायचंय, माझ्या घरचा काटा तपासायचाय! त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्याने पोऱ्याला वजनं घेऊन माझ्याबरोबर पाठवला आणि वर अर्धा किलो शेंगदाणे फुकट. मी परत केले, लिहून ठेवा, परत केले. (हशा)

वजनं काट्याच्या मधोमध ठेवली, चारी कोपऱ्यांवर ठेवून बघितली, पाच पाच वेळा उचलून ठेवली. २०.० किलो. एकदा २०.१. काटा निर्दोष. आमची ही दारात उभी, हातात गाळणं. म्हणाली, ‘अहो, काट्याला कशाला छळताय, भाजीचं भांडं रिकामं आहे.’

(इथे एक चिठ्ठी आलीय. पंधरा मिनिटं? ठीक. मग तो इटलीचा माणूस थोडक्यात सांगतो, तो सांगितल्याशिवाय मी जाणार नाही.)

पाडुआला सँटोरिओ नावाचा एक डॉक्टर होता, गॅलिलिओच्या काळातला. त्याने मोठ्या काट्याला खुर्ची टांगली आणि तिच्यात बसून जेवायचा, झोपायचा, आणि खाल्लेलं, प्यायलेलं, बाहेर टाकलेलं सगळं मोजायचा. साधारण तीस वर्षं! १६१४ साली त्याने त्यावर पुस्तक काढलं. त्याचा हिशोब असा, की दिवसात ८ पौंड पोटात गेलं तर त्यातलं जवळजवळ ५ पौंड डोळ्यांना न दिसता जातं, श्वासावाटे आणि कातडीतून. म्हणजे तुम्ही झोपलेले असता तेव्हाही वजन बदलत असतं. माणूस हे लोखंडी वजन नाहीच. पॅरिसजवळ जो मूळ किलो ठेवलाय, ज्याची ५७ नंबरची प्रत आपल्याकडे दिल्लीत आहे, तो काचेच्या तीन घंटाकृती झाकणांखाली ठेवलेला धातूचा दंडगोल, तोसुद्धा शंभर वर्षांत त्याच्या प्रतींच्या तुलनेत काही मायक्रोग्रॅमने हलला, म्हणून २०१९ मध्ये किलोची व्याख्याच बदलावी लागली. आणि आपण अपेक्षा करतो की पावभाजी खाऊन आपण ग्रॅमभर हलू नये.

बरं, मुद्दा. आमच्या खात्यात धडा करणं म्हणतात. तेल घ्यायला गेलात तर आधी रिकाम्या डब्याचा धडा करायचा, मग तेल. डब्यासकट वजन वेगळं, मालाचं वेगळं. घरच्या काट्याला धडा करता येत नाही. तो चरबी, हाडं, काल रात्रीची भाजी, पोटातलं ताक, न झालेली संडास, सगळं एकत्र तोलतो. आणि आपण आकडा वाचतो चरबीचा.

मी बसून हिशोब मांडला. भाजी साधारण ३५० ग्रॅम, तीन पाव सव्वाशे, बटर २५, ताक २५०, आणि भाजी खारट म्हणून त्यावर अर्धा लिटर पाणी. झाले सव्वा किलो. हे मी तोंडाने आत टाकलं, मग काट्याने दाखवलं तर त्याचं काय चुकलं? रात्रीतून थोडं गेलं असेल, पण मीठ पाणी धरून ठेवतं. सलाइनच्या बाटलीवर वाचा, ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. शरीर स्वतःचा खारटपणा साधारण तेवढाच राखतं, त्यामुळे ४-५ ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं की ते लघवीवाटे निघून जाईपर्यंत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी मुक्कामाला.

आणि चरबी किती? एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. माझी चोरी झाली ९०० च्या आसपास. सगळीच्या सगळी जास्तीची धरली, एक कण जळला नाही असं धरलं, तरी सव्वाशे ग्रॅम होत नाहीत. चोरी सव्वाशेची आणि आरोप चौदाशेचा.

आता तो २ किलो ४००. घाईत सांगतो. आपण खाल्लेल्या भात-पोळीतली साखर शरीर ग्लायकोजेन करून साठवतं, लिव्हरमध्ये १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास, आणि दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी. म्हणजे दोन किलोचं गाठोडं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात ते रिकामं व्हायला लागतं, आणि तीन पाव खाल्ले की परत भरायला लागतं. म्हणजे माझे पहिल्या आठवड्यात ‘गेलेले’ बरेचसे पाणीच होते! तेव्हा मी वाण्याकडून वजनं आणली का? नाही. ३१ वर्षांत माझ्याकडे एकही गिऱ्हाईक साखर जास्त मिळाल्याची तक्रार घेऊन आलं नाही, सगळे कमी मिळाल्याची. मी त्यांना हसायचो. मी पण तसलाच निघालो.

(दुसरी चिठ्ठी. हो, हो.)

मग करायचं काय, पटपट. रोज एकाच वेळी, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यात, त्याच फरशीवर. एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही, सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावा. बायकांना पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढलेलं दिसू शकतं, तेही पाणीच. चरबी कमी होते ती मुख्यतः श्वासावाटे, १० किलो जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जाते, हा हिशोब २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी मांडला, म्हणजे हे काम सावकाशीचं. आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून कडकडीत उपास नको, मी केला, रात्री दहाला शेवचिवड्याचा डबा उघडला. पण एक गंभीर गोष्ट, इथे बरेच जण साठीच्या पुढचे आहेत. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल आणि दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं, पायाला सूज आली, दम लागतोय, तर माझी सरासरी विसरा आणि डॉक्टरांना फोन करा. तिथे ते पाणीच धोक्याचं असतं.

माझं पुढे काय झालं? ८३.७, मग ८३.१, ८२.६, पाचव्या दिवशी ८२.२. सगळं कॅलेंडरवर लिहिलंय, दुधाच्या हिशोबाशेजारी. ८३.७ च्या पुढे हिने बारीक अक्षरात ‘पा.भा.’ लिहून ठेवलंय. परवा बघितलं तर पुढच्या महिन्यात जावयाच्या वाढदिवसाच्या चौकोनातही ‘पा.भा.’ लिहिलेलं होतं, आकड्याची जागा मोकळी.