मुद्रितशोधकाची तीन वाचनं

(पुण्यात प्रकाशन-मुद्रणाचं काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत पुस्तकांची कामं करणारी इतकी मंडळी समोर बसली आहेत, त्यामुळे प्रूफ म्हणजे काय आणि फर्मा किती पानांचा, हे सांगत नाही. विषय आहे छापण्याआधी चुका शोधण्यासाठी मुद्रितशोधकानं करायच्या तीन वाचनांचा. त्याआधी एक तक्रार मांडतो, कारण या वाचनांची गरज का पडते ते तिच्यातूनच कळतं.

तक्रार संगणकावरच्या 'शोधा-बदला'ची, म्हणजे एखादं अक्षर वा शब्द सबंध मजकुरात एकदम बदलण्याच्या सोयीची. शुद्धलेखनाचे नियम पाठ आहेत, संगणकावर झटक्यात सगळं बदलून देतो, असं आज सर्रास ऐकू येतं. नियम मोजकेच आहेत: शासनानं 1962 साली मान्य केलेले 14 आणि 1972 साली त्यांत पडलेली 4 ची भर. गावाच्या नावातलं 'पूर' दीर्घ, हा त्यांतलाच एक. लेखकानं 'कोल्हापुर', 'सोलापुर' लिहिलेलं दिसलं, म्हणून कुणी सबंध पुस्तकात 'पुर'चं 'पूर' केलं. गावं सुधारली, पण पुरस्काराचा 'पूरस्कार' झाला, पुराव्याचा 'पूरावा' झाला, आणि 'सोलापुरात' हे बरोबर होतं तेही बिघडलं. 'मुल'चं 'मूल' करा, की 'मूलगा' आणि 'मूलाखत' हजर! मराठी अकारान्त शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ असतो, पण सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, तो ह्रस्व होतो: मूल-मुलाला, फूल-फुलांचा, वकील-वकिलांना. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या, शब्दांत मात्र तो तसाच राहतो: गीत-गीतात. शब्द कुठला आणि कोणत्या रूपात आलाय, हे माणसालाच बघावं लागतं. 'शोधा' जरूर वापरा. 'बदला' मात्र एकेक जागा पाहूनच करा.

याहून वाईट प्रकार फॉन्ट बदलताना होतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला, किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवला, की 'ऱ्य' मोडतो. काही पद्धतींत तो साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन बनवलेला असतो. ते चिन्ह वाटेत गळालं, की उरतो रफार, म्हणजे पुढच्या अक्षराच्या डोक्यावरचा 'र'. 'दुसर्या' दिसलं तर चूक लगेच कळते. पण 'आचाऱ्यांचा सत्कार' हा 'आचार्यांचा सत्कार' होतो तेव्हा? स्वयंपाकघरातली माणसं थेट विद्यापीठात जातात, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे संगणकाची शुद्धलेखन तपासनीस प्रणाली गप्प बसते. सह्याद्रीच्या दऱ्यांचा 'दर्या' झालेलाही असाच सुटतो. म्हणून फॉन्ट बदललेल्या मजकुरात सगळे 'र्य' शोधा आणि प्रत्येकावर थांबा. सूर्य, कार्य, धैर्य पुढे जाऊ द्या. बाकीच्यांची चौकशी करा. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' आणि पोटफोड्या 'ष' यांच्याकडेही त्याच फेरीत पाहून घ्या.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. ठरलेल्या विषयाकडे येतो.

पहिलं वाचन मूळ प्रतीशी ताडून, शक्यतो दोघांनी. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, पहिली वेलांटी, दुसरा उकार, सगळं म्हणायचं. दुसऱ्यानं प्रूफ पाहायचं. दोन ओळींची सुरुवात एकाच शब्दानं होत असेल, तर जुळणी करणाऱ्याची नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधली ओळ गळते. उरलेलं वाक्य वाचायला ठीक लागतं, म्हणून नुसत्या वाचनात हे सापडत नाही. 'लेखकाची फाइलच आहे, मूळ प्रत कशाला' हे ऐकू नका; त्या फाइलची छापील प्रत काढा.

दुसरं वाचन अक्षरांचं. खालच्या ओळी पट्टीनं झाका, म्हणजे डोळा अर्थामागे पुढे धावत नाही. दिन-दीन, शिर-शीर या जोड्या इथे पकडायच्या. खूण दोन ठिकाणी हवी: ओळीत चुकीच्या जागी आणि समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, दुरुस्ती. एका ओळीत तीन चुका असतील, तर समासातल्या दुरुस्त्या त्याच क्रमानं, मध्ये तिरपी रेघ देऊन लिहा. चुकून खोडलेलं राखायचं असेल, तर शब्दाखाली टिंबं द्या आणि समासात 'तसंच ठेवा' लिहा.

तिसरं वाचन सांगाड्याचं: पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका, तळटीपांचे आकडे, फोटोओळी, तारखा आणि वार. मथळे मुद्दाम वेगळे वाचा. ठळक अक्षरातली चूक दुसऱ्या कुणी पाहिलीच असेल, असं सगळे धरून चालतात.

दुरुस्त्या घातल्यावर फक्त तो शब्द पाहून भागत नाही. एकेका अक्षराचे धातूचे खिळे जुळवायचे त्या काळी ओळ उचलताना शेजारचा खिळा उलटा बसायचा. आता दोन अक्षरं वाढली की ओळी खाली सरकतात आणि चौकटीत न मावलेला मजकूर पानावरून नाहीसा होतो. म्हणून परिच्छेदाच्या शेवटापर्यंत वाचा, पानाची शेवटची आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जोडून पाहा. दिवाळी अंकाच्या घाईत हीच पायरी गाळली जाते.

छापायला सोडताना सहीखाली तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. त्या दिवशी त्याच पानाच्या दोन-तीन प्रती फिरत असतात, आणि छपाईची प्लेट कुठल्या प्रतीवरून करायची हे त्यावरूनच ठरतं.