छपराचं दुखणं माळ्यावर: ओंटारियोतल्या नव्या घरासाठी

ब्रॅम्प्टन, मिल्टन, मिसिसागा या पट्ट्यात ज्यांनी नवं घर घेतलंय, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावर एकाच जातीचं छप्पर आहे. लाकडी ट्रसचा, म्हणजे वाशांच्या तिकोनी साच्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी तक्ते, मग अस्तर आणि सगळ्यांत वर डांबरी शिंगल, म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसवलेले पातळ तुकडे. कोकणात पावसाआधी कौलं चाळून घेतात, कारण तिथे संकट वरून येतं. इथे हिवाळ्यात छपराला होणारा बराचसा त्रास खालून, आपल्याच घरातून वर चढतो: ऊब आणि दमट हवा. म्हणून आज शिंगलबद्दल कमी आणि माळ्याबद्दल जास्त बोलणार आहे.

वळचणीवर साचणाऱ्या बर्फाच्या बांधापासून सुरुवात करू. याला इथे आइस डॅम म्हणतात. बाहेर उणे आठ अंश आहे, छपरावर वीतभर बर्फ आहे. छतातल्या फटींतून घरातली ऊब माळ्यावर गेली, तक्ते तापले, की बर्फाचा सगळ्यांत खालचा थर वितळतो. वरचा बर्फ त्याला गोधडीसारखा झाकून ठेवतो. ते पाणी उतारावरून खाली येतं आणि भिंतीबाहेर आलेल्या वळचणीवर पोचतं. तिथे खाली ऊब नसते, म्हणून ते गोठतं. रोज थोडं थोडं करत बांध उंच होतो आणि त्याच्यामागे पाणी तुंबतं. शिंगल उतारावरून वाहणारं पाणी अडवण्यासाठी बनलेली आहेत, साचलेलं पाणी अडवण्यासाठी नाहीत. ते शिंगलच्या खालून वर सरकतं, खिळ्यांच्या भोकांतून झिरपतं आणि खोलीच्या कोपऱ्यात डाग बनून दिसतं.

बांधकाम नियमांनी यावर एक तजवीज केली आहे. वळचणीच्या कडेपासून उतारावर किमान ९०० मिलिमीटर, आणि बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून किमान ३०० मिलिमीटर आतपर्यंत, शिंगलखाली संरक्षक पट्टा घालावा लागतो. सहसा तो चिकट, जलरोधक पडद्याचा असतो. पण हा पट्टा झाली गळती थोपवतो, बांध तयार होणं थांबवत नाही. पन्हळी काढून टाकल्या तरी बांध होतोच, त्यामुळे दोष पन्हळीचा नाही.

तुमच्या घराला हा धोका आहे का, हे रस्त्यावरूनही कळतं. बर्फ पडल्यानंतरच्या सकाळी, ऊन यायच्या आत, समोर उभं राहून छप्पर पाहा. एकाच बिल्डरची, एकाच नकाशाची, एकाच दिशेला तोंड असलेली घरं शेजारी असली तर तुलना सोपी. शेजारचं छप्पर पांढरं आणि तुमच्यावर काळे पट्टे उघडे पडले असतील, तर ऊब तिथूनच निसटते आहे. दक्षिणेकडच्या पाख्यावर उन्हाने दोन-चार बारीक बर्फाच्या सुळ्या लोंबल्या तर काळजीचं कारण नाही.

आता माळा. चढू नका; झरोक्यातून, म्हणजे माळ्यावर उघडणारं छतातलं झाकण उचलून, टॉर्च मारून पाहायचं. इन्सुलेशनच्या (ऊब अडवणाऱ्या) थराखाली ट्रसचे खालचे वासे बुडालेले असतात, पाय चुकला तर तो थेट खालच्या खोलीच्या छतातून बाहेर येतो. अलीकडच्या घरांत सहसा आर-६० इन्सुलेशन असतं (आर म्हणजे ऊब अडवण्याच्या ताकदीचं माप). फुंकून टाकलेलं सेल्युलोज असेल तर त्याची खोली साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर, सुटं फायबरग्लास असेल तर ५० ते ६०. ट्रसला बहुधा खोली मोजायच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांवरचा आकडा वाचा. वळचणीजवळ थर पातळ झालाय का, वाऱ्याने एका बाजूला ढकलला गेलाय का, हेही बघा.

जाडी पुरेशी असूनही छप्पर तापत असेल तर फटी शोधाव्या लागतात. बाथरूमच्या पंख्याभोवती, छतात बसवलेल्या दिव्यांभोवती, सांडपाण्याच्या उभ्या पाइपाभोवती, भिंतींच्या माथ्यावरून जिथे वायरी वर गेल्या आहेत तिथे, आणि खुद्द झरोक्याच्या झाकणाच्या कडेने. झाकणाला रबरी पट्टी आणि वर जाड इन्सुलेशन हवंच. बाकीच्या फटी फोमने किंवा सीलंटने बुजतात. धुराड्याभोवती मात्र पत्रा आणि आगरोधक सीलंटच वापरायचं, साधा फोम नाही. आधी फटी, मग जाडी. वरून नुसतं आणखी इन्सुलेशन ओतलं तर हवा त्यातूनही वाट काढते.

वायुवीजनाचा हिशेब सोपा आहे. छताच्या क्षेत्रफळाच्या किमान १/३०० इतकं मोकळं छिद्र हवं, त्यातलं किमान पाव आढ्याजवळ आणि किमान पाव वळचणीखाली. उतार फारच कमी असेल, सहात एकपेक्षा कमी, तर प्रमाण १/१५०. समजा छत ९० चौरस मीटर आहे: ०.३ चौरस मीटर, म्हणजे ३,००० चौरस सेंटिमीटर छिद्र लागेल. एका साध्या चौकोनी व्हेंटचं मोकळं छिद्र सुमारे ३२० चौरस सेंटिमीटर धरलं तर निम्म्या वाट्यासाठी वर पाच व्हेंट लागतात. उरलेलं वळचणीखालच्या जाळीतून. पण तिथे इन्सुलेशन दाबून भरलेलं असेल तर जाळी असून नसल्यासारखीच. इन्सुलेशनचा माथा आणि वरचा तक्ता यांच्यात किमान ६३ मिलिमीटर वाट मोकळी राहिली पाहिजे. ती राखायला ट्रसच्या मधे पुठ्ठ्याचे किंवा थर्माकोलचे बॅफल बसवतात. विजेवर चालणारा पंखा माळ्यावर बसवायचा मोह टाळा. हिवाळ्यात तो छतातल्या फटींमधून घरातलीच गरम हवा ओढून घेतो.

दमटपणाचा प्रश्न आपल्या घरांत जरा जास्तच असतो. कुकरच्या शिट्ट्या, उकळत ठेवलेली आमटी, घरातच वाळत घातलेले कपडे, आठ माणसांच्या आंघोळी. नव्या घराच्या काँक्रीटमधली आणि लाकडातली ओल सुद्धा सुरुवातीचे काही महिने बाहेर पडत असते. ही वाफ माळ्यावर पोचली की थंड तक्त्यांवर आणि खिळ्यांच्या टोकांवर दव गोठतं. कडाक्याच्या थंडीत काही दिसत नाही; मग एका दिवशी पारा शून्याच्या वर जातो आणि छतातून थेंब पडायला लागतात. लोक छप्पर गळतंय म्हणून कंत्राटदाराला बोलावतात, तो शिंगल तपासतो, त्याला काही सापडत नाही, आणि तरीही तो डांबराचा एक हात मारून पैसे घेऊन जातो. पाऊस किंवा बर्फ पडला नसताना, कडक थंडीनंतरच्या उबदार दिवशी गळती झाली, तर आधी दवाचा संशय घ्यावा.

उपाय घरात आहे. आर्द्रतामापक विकत घ्या, हिवाळ्यात आकडा ३० ते ४० टक्क्यांत ठेवा. उणे वीसच्या आसपास थंडी गेली तर ३०च्याही खाली. फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राला, जोडलेला ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं उपकरण) असेल तर त्याचं बटण त्याप्रमाणे फिरवा. हवापालट करणारं एचआरव्ही यंत्र आवाजाला कंटाळून बंद करू नका, त्याची गाळणी धूत राहा. स्वयंपाकाच्या वेळी हूड चालू, आंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं. आणि बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यावर उघडी सुटलेली नाही, थेट बाहेर निघते आणि तिला इन्सुलेशन आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहा. ही चूक नव्या घरातही सापडते.

छतात आणि आतल्या भिंतीत हिवाळ्यात फट पडून उन्हाळ्यात मिटत असेल तर ते गळतीचं लक्षण नव्हे. ट्रसचा खालचा वासा उबेत कोरडा आणि वरचा थंडीत दमट राहतो, त्यामुळे ट्रस मधोमध किंचित उचलला जातो. लाकडी पट्टी फक्त छताला ठोकून, भिंतीवर मोकळी सरकू दिली की फट झाकली जाते.

शिंगलचं पाहायचं ते असं. खालच्या बाजूची डांबरी पट्टी उन्हाने तापून एकमेकीला चिकटते. डिसेंबर-जानेवारीत छप्पर घातलं असेल तर ती चिकटलेलीच नसते, आणि वाऱ्याने शिंगल उचलली जातात. वसंतात ऊन चांगलं तापल्यावरही कडा सुट्या असतील तर बिल्डरकडून प्रत्येक शिंगलखाली डांबरी सीलंटचे नाण्याएवढे ठिपके देऊन हाताने चिकटवून घ्या. पन्हळीत पहिल्या वर्षी काळे दाणे सापडतात, ते बहुतेक जास्तीचे सुटे दाणे असतात. थंडीत शिंगल ठिसूळ होतात, म्हणून हिवाळ्यात कोणालाही उगाच वर चढू देऊ नका. पन्हळी साफ करायच्या त्या मेपलची पानं पूर्ण गळून गेल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यात.

बर्फ ओढायचा तो जमिनीवर उभं राहून, लांब दांड्याच्या फावड्याने, वळचणीपासून वरचा मीटरभर पट्टा. शिंगलवर चार-पाच सेंटिमीटर थर राहू द्या, आणि विजेच्या तारा बघा. वजनाची भीती मात्र प्रमाणात असावी. नियमांप्रमाणे छप्पर किमान १ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार धरून बांधलेलं असतं. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आत असतो, दबलेला ओला ३०० ते ४००. म्हणजे दबलेल्या बर्फाचा फूटभर थर हिशेबाच्या कडेला पोचतो. दारं अचानक अडकायला लागली किंवा छताला नवे तडे गेले, तर घराबाहेर पडून मग फोन करा.

बांध झालाच तर कुऱ्हाड, हातोडा, प्रेशर वॉशर काही नको. जुन्या पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा नव्हे तर उतारावर उभा ठेवा, म्हणजे पाण्याला वाट मिळते. साधं मीठ कडक थंडीत काम करत नाही आणि पन्हळी गंजवतं. घसरलेल्या बर्फाने भिंतीतले, फर्नेसचा धूर बाहेर सोडणारे पांढरे पाइप बुजले नाहीत ना, हे दरवेळी बघा. कार्बन मोनॉक्साइडचा धोका गळतीपेक्षा कितीतरी मोठा.

ओंटारियोत नव्या घराला टॅरियन या संस्थेची हमी असते: कारागिरीच्या दोषांना एक वर्ष, बाहेरच्या आवरणातून पाणी शिरण्याला दोन, मोठ्या संरचनात्मक दोषाला सात. माळ्याचे, डागांचे, सुट्या शिंगलचे फोटो तारखेसकट ठेवा आणि मुदत संपायच्या आत तक्रार लेखी नोंदवा. बिल्डरला तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. हमी असताना स्वतः छपराला भोक पाडून डिश किंवा सौर पॅनल बसवलं तर त्या जागेची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. आणि छपरावर कोणाला चढवायचंच असेल, तर आधी त्याच्याकडे डब्ल्यूएसआयबीचं (ओंटारियोच्या कामगार सुरक्षा आणि विमा मंडळाचं) क्लिअरन्स पत्र आणि दायित्व विमा मागा.