स्वतःच्याच पोथीला फसलेला देव

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या देवाबद्दल बोलणार आहे, त्याला कुणी नवस बोलत नाही, आणि बोललाच तर तो फेडून घेणारा देव हा नव्हे. त्याचं नाव सायरिक. खोटेपणाचा देव. राहतो फेरून नावाच्या खंडात. ॲटलास काढू नका, तिथे सापडणार नाही. कॅनडातल्या एड ग्रीनवूड नावाच्या माणसानं शाळकरी वयात स्वतःच्या गोष्टींसाठी हे जग रचायला घेतलं. पुढे १९८७ मध्ये टीएसआर या अमेरिकन कंपनीनं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी ते पेटीत घालून बाजारात आणलं.

खेळ कसा, ते थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण निवेदक, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. गोष्ट सगळ्यांनी मिळून सांगायची आणि जिथे अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. माझ्या भाच्याकडे रविवारी असा अड्डा जमतो. मी चहाच्या निमित्तानं तिथे जाऊन बसलो आणि सायरिकच्या नादी लागलो.

हा सायरिक जन्मानं देव नव्हता. झेंटिल कीप नावाच्या शहरातला तो एक चोर. आता त्या जगाच्या वरती एओ नावाचा एक देवांचा देव आहे. त्याच्याकडच्या नियतीच्या पाट्या दोन देवांनी पळवल्या. एओ भडकला आणि हेल्म नावाचा एक राखणदार सोडून झाडून सगळ्या देवांना त्यानं खाली जमिनीवर ढकललं, मर्त्य देहात. हे त्यांच्या कालगणनेतलं १३५८ साल. देव रस्त्यावर आल्यावर जो गोंधळ माजायचा तो माजला. त्या पाट्या शोधायला चौघं निघाली: मिडनाइट ही जादूगार, केलेमव्हॉर हा योद्धा, एक पुजारी, आणि आपला सायरिक.

सायरिकच्या हाती एक तलवार लागली. देवालाही मारणारी. तिनं त्यानं खुनाच्या देवाला, भालला, एका पुलावर संपवलं. पुढे केलेमव्हॉरच्या, म्हणजे आपल्याच सोबत्याच्या, शरीरात तीच तलवार खुपसली, पाट्या हिसकावल्या आणि एओपुढे नेऊन ठेवल्या. बक्षीस काय मिळालं? देवपण. खून, कलह आणि मृत्यू, तिन्ही खाती एकट्याकडे. मिडनाइटही त्याच दिवसात जादूची देवता झाली. गंमत अशी, की ज्या तलवारीच्या जोरावर हा गडी देव झाला, ती तलवार म्हणजे वेष पालटून बसलेला चोरांचा देव मास्क होता. म्हणजे हा जगाला टोपी घालत होता तेव्हा ह्याच्याच कमरेला ह्याला टोपी घालणारा लटकलेला.

इथे जरा आडवाटेला जातो. हा सगळा उत्पात मुळात का झाला? टीएसआरला १९८९ मध्ये खेळाच्या नियमांची दुसरी आवृत्ती काढायची होती. नियम बदलले, तर त्या जगात काहीतरी घडल्याशिवाय बदलणार कसे? नव्या नियमांतून मारेकरी ही खेळाडूनं घ्यायची भूमिकाच काढून टाकली होती. म्हणून गोष्टीत फेरूनमधले मारेकरी पटापट मेले आणि खुनाचा देवही मेला. छापखान्यात एक प्रकरण गळलं आणि तिकडे माणसं गेली. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हाही तेच. सायरिकनं जादूच्या देवतेचा खून केला, सगळी जादू नासली, आणि बाकीच्या देवांनी त्याला त्याच्याच महालात हजार वर्षांसाठी कोंडलं. नियम बदलायचे आणि खापर फोडायला एक खोटारडा देव तयार ठेवायचा, ही सोय मला फार आवडली.

पण खरी गोष्ट त्याच्या पोथीची आहे.

देवांना परत वर घेताना एओनं एक अट घातली होती. यापुढे देवाचं बळ त्याच्या भक्तांवर अवलंबून. जितकी माणसं मनापासून भजतील, तितका देव मोठा. आता विचार करा, ही अट थापाड्या देवाच्या कानावर पडली तर तो काय करील? सायरिकनं आधी लीराला मारलं. ही फसवणुकीची आणि भ्रमाची देवी. तिचं खातं खिशात टाकलं. आणि मग त्यानं आपलं चरित्र लिहायला घेतलं. सिरिनिशाद. ही साधी पोथी नव्हे. जो वाचील किंवा ऐकेल त्याची खात्रीच पटली पाहिजे, की सायरिकहून मोठा देव झाला नाही आणि होणार नाही. पारायणाची गरज नाही, फलश्रुतीची नाही, एका वाचनात काम फत्ते.

पोथी काही केल्या जमेना. लेखकामागून लेखक वाया गेले. शेवटी झेंटिल कीपमधल्या रिंडा नावाच्या लेखिकेला त्यानं दरडावून बसवलं. तिच्या हातून ती उतरली. पण ज्ञानाचा देव ओघमा आणि तो आपला मास्क, दोघांनी तिला गाठलं होतं. दिवसा ती सायरिकची पोथी लिहायची आणि त्याच्या चोरून दुसरी. सायरिक प्रत्यक्षात कोण होता, काय करून इथवर आला, ते सगळं जसंच्या तसं.

आणि मग सायरिकनं जे केलं, ते ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. पोथी पुरी झाल्यावर ती कुणी वाचली? त्यानं स्वतः. आणि त्याला पटलं!

श्रोतेहो, थाप मारणाऱ्याला खरं काय ते पक्कं ठाऊक असावं लागतं. कुणाला काय सांगितलं, कुठे किती वळवलं, याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. सायरिक ह्यात पटाईत होता. पोथी वाचली आणि तो हिशेबच पुसला गेला. त्या क्षणापासून तो थापा मारीत नव्हता, मनापासून बोलत होता. खोटेपणाचा देव प्रामाणिक झाला, म्हणजेच वेडा झाला. रिंडाची दुसरी पोथी लोकांसमोर वाचली गेली तेव्हा त्याच्या भक्तीचा डोलारा कोसळला, आणि मृत्यूचं खातं गेलं कुणाकडे? ज्याला त्यानं भोसकलं होतं, त्या केलेमव्हॉरकडे.

भागवताच्या चौथ्या स्कंधात अधर्माचा वंश सांगितलाय. अधर्माच्या बायकोचं नाव मृषा, म्हणजे असत्य. तिला जुळं झालं, दंभ आणि माया. निपुत्रिक निर्ऋतीनं ती दोघं आपलीशी केली. ग्रीनवूडच्या जगाशी याचा संबंध काही नाही, पण सायरिकचं दुखणं ऐकलं की मला ही भावंडं आठवतात. माया त्यानं लीराला मारून मिळवली होती. दंभ त्याच्या घरचाच.

टेबलावर मात्र सायरिकला आणणं अवघड. भाचा सांगतो, नवखा डन्जन मास्टर सायरिकच्या पुजाऱ्याला काळे कपडे घालतो, घोगरा आवाज देतो. मग कोण फसणार? सायरिकचं चिन्हही तसंच भयंकर, सूर्यकिरणांच्या चक्रावर पांढरी कवटी, आणि तिला जबडाच नाही. बोलण्यावर जगणारा देव, त्याला जबडा नाही! भाच्यानं आणलेला पुजारी मात्र मनमिळाऊ होता. जखमी खेळाडूंची पट्टी करायचा, पैसे घ्यायचा नाही. नियमानं फसवणाऱ्यानं फासा टाकून पडलेल्या आकड्यात आपल्या पात्राचे 'व्यक्तिमत्त्वाची छाप' या गुणाचे आकडे मिळवायचे, समोरच्यानं आपल्या 'शहाणिवे'चे. म्हणजे तिथेही माणूस अकलेपेक्षा गोडव्यानं जास्त फसतो, हे त्यांनी ओळखलेलं दिसतं. पण एक पथ्य भाचा पाळतो. पुजारी म्हणून वाटेल ते खोटं बोलेल, निवेदक म्हणून एक शब्दही नाही. तो 'दार उघडं आहे' म्हणाला, की दार उघडंच असतं. ते गेलं तर खेळच गेला.

जाता जाता लीराचं सांगायचं राहिलं. ती मेली, ही बातमी तिच्या भक्तांना कळली तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांनी दुखवटा पाळलाच नाही. फसवणुकीची देवी ती, मरणार कशी, सोंग केलं असेल, म्हणाले. पुढे २०१४ मध्ये खेळाडूंचं नवं नियमपुस्तक आलं. मागे देवांची यादी आहे. सायरिक, असत्याचा देव. आणि थोडं खाली गेलं की लीरा, भ्रमाची देवी. ती जिवंत कशी, याबद्दल त्या यादीत अवाक्षर नाही.

नमस्कार.